अंकुश नागपूरकर, व्हाया बर्लिन

गोष्ट ऑगस्ट २०२३ मधली. ऑफिसच्या कामासाठी मी तीन आठवडे एडिंबराला होतो. ऑनसाइट म्हटलं की आमच्या मोहन्याच्या घरात अजूनही थोडं कौतुक शिल्लक आहे, त्यामुळे दर रविवारी बाबांना फोन व्हायचा. थंडी आहे का, जेवायला काय करतोस, हे विचारून झालं की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "या आठवड्यात काय बघितलंस?"

"ऑपेरा बघितला," मी जरा ऐटीतच सांगितलं. "जर्मन. थ्रीपेनी ऑपेरा नावाचा."

तिकडे दोन सेकंद शांतता. मग बाबा म्हणाले, "अरे, म्हणजे तीन पैशाचा तमाशा की! बघितलाय मी तो. आत्माराम भेंड्यांचा मुलगा होता त्यात. काय गायचा! येताना शेवटची कसारा लोकल मिळाली, आंबिवलीपासून अंधारात चालत आलो होतो आम्ही चौघं."

माझी ऐट तिथेच उतरली. मी ज्यासाठी पौंडात पैसे मोजले ते बाबांनी शिफ्ट संपवून, लोकलने जाऊन, कधीच बघून ठेवलं होतं. आणि तेही मराठीत!

मग परत आल्यावर दोन-तीन वीकेंड याच नादात गेले. त्यातून जे हाताला लागलं ते इथे मांडतोय. इतिहास आहे, पण कंटाळवाणा नाही. चोर, भिकारी, वेश्या आणि पोलीस असलेला इतिहास कंटाळवाणा कसा असेल?

आधी मी काय बघितलं ते सांगतो. एडिंबराला १९४७ पासून दर उन्हाळ्यात मोठा महोत्सव भरतो. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा, आणि पाऊस तिथेही होताच. तर त्या महोत्सवात बर्लिनर आन्साम्बल ही नाटक कंपनी आली होती. हो, ब्रेख्तची स्वतःची कंपनी. दिग्दर्शक बॅरी कॉस्की, मूळचा ऑस्ट्रेलियन. त्याने २०२१ मध्ये बर्लिनला हा नवा प्रयोग बसवला आणि तोच इथे आणला होता. पडदा चमचमत्या झिरमिळ्यांचा, आपल्याकडे गणपतीच्या मखराला लावतात तशा. त्या झिरमिळ्यांमधून फक्त एक डोकं बाहेर येतं, चंद्रासारखं, आणि गाणं सुरू करतं. नंतर पडद्यामागे दिसतो नुसता लोखंडी सांगाडा. शिड्या, फळ्या, बोगदे. नट त्यावर माकडासारखे चढतात, लोंबकळतात आणि गातात. लंडन नाही, झोपडपट्टी नाही, फाटके कपडेही नाहीत.

गंमत म्हणजे त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या महोत्सवातही हेच नाटक नव्याने झालं. दिग्दर्शक थॉमस ओस्टरमायर जर्मन, नट पॅरिसच्या कोमेदी फ्रान्सेजचे, आणि भाषांतर नवं कोरं फ्रेंच. म्हणजे एका उन्हाळ्यात दोन महोत्सव आणि एकच चोर. त्याआधी २०१५ मध्ये साल्झबुर्गच्या महोत्सवात तर वाइलचं संगीत नव्याने वाद्यवृंदासाठी बांधून घेतलं होतं. शंभरीला आलेल्या नाटकाला एवढी मागणी का?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे तीनशे वर्षं.

१७२८ च्या जानेवारीत लंडनमध्ये जॉन गे नावाच्या कवीचं 'द बेगर्स ऑपेरा' रंगमंचावर आलं. तेव्हा लंडनच्या उच्चभ्रू लोकांना इटालियन ऑपेराचं वेड होतं. हेंडेलचं संगीत, राजे-देवादिकांच्या कथा, आणि भाषा कोणालाच न कळणारी. गेने काय केलं, तर राजांच्या जागी चोर आणले, आणि नवं संगीत करण्याऐवजी रस्त्यावर, दारूच्या गुत्त्यात लोक गुणगुणत होते त्या चालींवर नवे शब्द बसवले. अशी ६९ गाणी. त्यात हेंडेलचीही एक चाल उचलली होती. हे नाटक ज्या मॅनेजरने काढलं त्याचं नाव जॉन रिच. नाटक इतकं चाललं की लोक म्हणू लागले, गे झाला रिच आणि रिच झाला गे! (इंग्रजीत त्या काळी 'गे' म्हणजे आनंदी.)

पण खरी गंमत त्यातल्या खलनायकात होती. लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाचा एक माणूस होऊन गेला होता. हा चोर पकडून द्यायचा, आणि चोरांची टोळीही हाच चालवायचा. चोरीचा माल मूळ मालकाला परत विकायचा, आणि ऐकत नसलेल्या चोराला फासावर द्यायचा. दोन्हीकडून कमाई. १७२५ मध्ये तोही फासावर गेला. गेने त्याच्यावरून पात्र रचलं, आणि लोकांना त्यात पंतप्रधान वॉलपोल दिसला. गेने पुढचा भाग लिहिला तेव्हा मात्र सरकारने तो रंगमंचावर येऊच दिला नाही. आपल्याला हे नवीन नाही. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त लोकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी आणली. नाटकात कोण दिसतंय हे नाटककार ठरवत नाही, प्रेक्षक ठरवतो. सरकारला ते नेमकं कळतं.

आता दोनशे वर्षं पुढे. बर्लिन, १९२८. आउफ्रिख्त नावाच्या एका नटाने नुकतंच शिफबाउअरडाम थिएटर भाड्याने घेतलं होतं आणि आपल्या तिसाव्या वाढदिवसाला, ३१ ऑगस्टला, त्याला पडदा उघडायचा होता. थिएटर आहे, तारीख आहे, नाटकच नाही! आपल्याकडे रिलीज डेट आधी ठरते आणि रिक्वायरमेंट नंतर येते, त्यातलाच प्रकार. शोधाशोधीत तो ब्रेख्तला भेटला. ब्रेख्तची सहकारी एलिझाबेथ हाउप्टमान हिने गेच्या नाटकाचं जर्मन भाषांतर करायला घेतलं होतं. ब्रेख्तने ते पुढे केलं, आणि संगीतासाठी कुर्त वाइलला घेतलं.

तालमींत एकामागून एक विघ्नं. नायिकेचं काम करणारी करोला नेहेर पडली बाहेर, कारण तिचा नवरा दावोसला मृत्यूशय्येवर होता. मुख्य नट हाराल्ड पाउल्सेन रुसला, म्हणून त्याच्या पात्राची ओळख करून देणारं एक गाणं घाईघाईने तयार केलं. तेच पुढे 'मॅक द नाइफ' म्हणून लुई आर्मस्ट्राँगने गायलं आणि जगभर गेलं. म्हणजे अख्ख्या नाटकातलं सगळ्यात प्रसिद्ध गाणं हे शेवटच्या क्षणी केलेलं पॅचवर्क आहे. पहिल्या प्रयोगाला त्या गाण्यासाठी आणलेली हातपेटी वाजलीच नाही. प्रेक्षक थंड बसले होते. मग दोन मित्रांचं सैन्यातल्या आठवणींचं गाणं आलं आणि थिएटर उसळलं, वन्समोअर घेतल्याशिवाय लोक पुढे जाऊ देईनात.

कथा अगदी साधी आहे. मॅकहीथ हा गुंडांचा म्होरक्या. पीचम हा भिकाऱ्यांचा मालक. त्याचं रीतसर दुकान आहे, तिथे भिकाऱ्याला भाड्याने वेश मिळतो. माणसाला दया येईल असे पाच ठरलेले प्रकार, त्यातला एक घ्या आणि ठरलेल्या कोपऱ्यावर जाऊन बसा. मॅकहीथ त्याच्या मुलीशी लग्न करतो, म्हणून पीचम त्याला फासावर चढवायच्या मागे लागतो. पोलीसप्रमुख मॅकहीथचा जुना दोस्त. मॅकहीथच्या डोक्यात तर चोरी सोडून बँकिंगच्या धंद्यात शिरायचं आहे, त्यात धोका कमी आणि इज्जत जास्त. शेवटी तो फासावर चढणार तोच राणीचा दूत घोड्यावरून येतो आणि त्याला माफी, सरदारकी, वाडा आणि वर्षाला दहा हजार पौंड पेन्शन जाहीर करतो!

नाटकात चोरी आहे तशी नाटकाचीही एक चोरी आहे. काही गाण्यांत ब्रेख्तने व्हियों या जुन्या फ्रेंच कवीच्या जर्मन भाषांतरातल्या ओळी न सांगता घेतल्या होत्या. १९२९ मध्ये एका टीकाकाराने ते पकडलं, तेव्हा ब्रेख्तने सरळ कबूल केलं की बौद्धिक मालमत्तेच्या बाबतीत आपण जरा ढिले आहोत. आणि कमाईची वाटणी कशी होती? ब्रेख्तला साडेबासष्ट टक्के, वाइलला पंचवीस, आणि जिच्या भाषांतरावर सगळं उभं राहिलं त्या हाउप्टमानबाईंना साडेबारा. यावर वेगळं काही लिहायची गरज नाही.

१९३३ पर्यंत हे नाटक १८ भाषांत गेलं होतं आणि युरोपात दहा हजारांवर प्रयोग झाले होते. मग हिटलर आला. राइशस्टागला आग लागली, दुसऱ्याच दिवशी ब्रेख्तने देश सोडला, पुढच्याच महिन्यात वाइलने. नाटक जर्मनीत बंद.

आता पन्नास वर्षं पुढे आणि आपल्या घराजवळ. पुणे, १९७८.

ब्रेख्त तोवर मराठीत येऊन स्थिरावला होता. व्यंकटेश माडगूळकरांचं 'देवाजीने करुणा केली' आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा', दोन्ही त्याच्याच नाटकांवरून. खानोलकरांचं नाटक विजयाबाई मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झबरोबर बसवलं. याच बेनेविट्झने १९७० मध्ये दिल्लीला थ्रीपेनी ऑपेरा हिंदीत 'तीन टके का स्वाँग' म्हणून केला होता, भाषांतर सुरेखा सिक्रींचं. (हो, त्याच, 'बालिका वधू'तल्या दादीसा.)

पुण्यात थिएटर अकॅडमी होती. हिचा जन्मच मुळी एका भांडणातून झालेला. 'घाशीराम कोतवाल' १९७२ च्या डिसेंबरमध्ये पीडीए या संस्थेने आणलं आणि वाद झाल्यावर १९ प्रयोगांनंतर थांबवलं. ते ज्यांना पटलं नाही त्यांनी १९७३ मध्ये स्वतःची संस्था काढली. माणसं कोण, तर डॉ. जब्बार पटेल दौंडला दवाखाना चालवणारे बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, सतीश आळेकर बायोकेमिस्ट्रीवाले. सगळे दिवसा नोकरी-धंदा आणि संध्याकाळी तालीम. वीकेंडला काहीतरी वेगळं करतो म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेणाऱ्या माझ्यासारख्याने ही यादी जरूर वाचावी.

या मंडळींसाठी पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तचं नाटक मराठीत आणलं. 'ती फुलराणी' १९७५ मध्ये येऊन गाजलं होतं, म्हणजे परदेशी माणसाला मराठी अंगरखा शिवण्यात पुलंचा हात बसलेला होता. पण इथे एक फरक होता. पुलं स्वतः पेटीवर बसणारे, बालगंधर्वांच्या गाण्यावर जीव टाकणारे, आणि 'पुढारी पाहिजे'सारखं लोकनाट्य लिहिलेले. म्हणजे संगीत नाटक आणि तमाशा, दोन्ही घरचंच. मॅकहीथचा झाला अंकुश नागपूरकर आणि ऑपेराचा झाला तमाशा.

हा शब्द नुसता यमकासाठी नाही. आमच्या पिढीला तमाशा म्हणजे भांडण एवढंच माहीत. पण तमाशात गण होतो, गौळण होते, बतावणी होते, आणि वग रंगात आलेला असताना सोंगाड्या मध्येच थांबून समोरच्या पाटलाची फिरकी घेतो. समोर चाललंय ते नाटक आहे हे कोणी लपवत नाही. ब्रेख्तला नेमकं हेच हवं होतं, प्रेक्षकाने वाहून जाऊ नये, मध्येच जागं व्हावं. त्यासाठी त्याने मोठमोठे सिद्धांत लिहिले. आपल्याकडे ते जत्रेत चालत होतं.

नावातल्या तीन पैशांचंही तसंच. जर्मनीतला ग्रोशेन म्हणजे दहा फेनिग, तीन ग्रोशेन म्हणजे किरकोळ चिल्लर. आपल्याकडे १९६४ मध्ये तीन पैशांचं नाणं निघालं, ॲल्युमिनियमचं, सहा कोपऱ्यांचं, फुंकर मारली तर उडेल असं. १९७८ साली ते लोकांच्या ओळखीचं होतं. म्हणजे नाटकाचं नाव प्रेक्षकाच्या खिशात खुळखुळत होतं. (पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने जून २०११ अखेर बाद केली. आमच्या घरी देवघरातल्या डबीत एक आहे अजून.)

आणि संगीत. इथे थिएटर अकॅडमीने जे केलं ते मला सगळ्यात ग्रेट वाटतं. संगीतकार होते भास्कर चंदावरकर. रविशंकरांकडे सतार शिकलेले, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे, 'घाशीराम'चं संगीत ज्यांचं ते. वाइलच्या जगप्रसिद्ध चाली हाताशी असताना त्यांनी आपलं संगीत उभं केलं. त्यात नाट्यसंगीत, लावणी, सिनेमाच्या वळणाची चाल आणि चक्क रॉक. अंकुश झाले नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. अलेक पदमसींच्या इंग्रजी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जूडास झालेला रॉक गायक मराठी नाटकात गुंडांचा म्होरक्या म्हणून उभा राहिला. सोबत माधुरी पुरंदरे, चंद्रकांत काळे यांच्यासारखी गळ्याने आणि अभिनयाने पक्की माणसं.

तुम्ही म्हणाल, वाइलचं संगीत टाकलं म्हणजे ऑपेराच टाकला की! मलाही आधी तसंच वाटलं. पण १७२८ कडे परत बघा. गेने हेच केलं होतं, आपल्या गावात लोकांच्या तोंडी असलेल्या चाली उचलल्या. वाइलनेही तेच केलं, बर्लिनच्या क्लबांतला जॅझ, टँगो आणि चर्चमधली स्तोत्रं एकत्र केली. आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनीही संगीत नाटकासाठी साकी, दिंडी, लोकांच्या ओळखीच्या चाली घेतल्याच होत्या. चंदावरकरांनी वाइलच्या चाली तशाच वाजवल्या असत्या तर १९७८ च्या पुण्याला ते 'परदेशी संगीत' वाटलं असतं, म्हणजे नेमकं १७२८ च्या लंडनचं इटालियन ऑपेरा. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉजिक ठेवलं आणि लायब्ररी बदलली. तिन्ही गावांत.

आता थोडी काळी बाजू. पुलंनी ब्रेख्त गोड करून टाकला, लोक नुसते हसून घरी गेले, अशी टीका मी बऱ्याच जणांकडून ऐकली. असेलही. पण मग ती ब्रेख्तवरही लागू आहे. बर्लिनमध्ये ज्या पैसेवाल्यांची त्याने सालं काढली तेच पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि ग्रामोफोनच्या तबकड्या घरी नेत होते. ब्रेख्तलाही ते टोचलं असावं, कारण १९३४ मध्ये त्याने याच कथेवर कादंबरी लिहिली ती कितीतरी जास्त कडू आहे.

एडिंबराला हे मला स्वतःच्या अंगावर आलं. मी तिथे कशासाठी गेलो होतो? क्लायंटच्या ऑफिसात एका मजल्यावर माणसं कागद तपासायची, ते काम सिस्टिममध्ये घालायचं होतं. त्यातली एक बाई मला रोज चहा विचारायची आणि तिचं काम ती कसं करते हे नीट समजावून सांगायची. मी लिहून घ्यायचो. सिस्टिम सुरू झाल्यावर तो मजला लागणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याच आठवड्यात मी मखमली खुर्चीत बसून, पोट भरलेल्यांनी उपाशी माणसाला नीती शिकवू नये अशा अर्थाच्या गाण्यावर टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. बाहेर आलो तर पावसात दाराजवळ एक माणूस कागदाचा कप घेऊन बसला होता आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो पीचमच्या पाच प्रकारांचा. हा कितव्या प्रकारात बसतो? नाटक बघून मी एवढंच शिकलो होतो.

परत आल्यावर बाबांना विचारलं, "तुम्ही तेव्हा हसलात का हो?"

"हसलो की. पुलंचं नाटक आणि हसायचं नाही?" मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "पण लोकलमध्ये आमच्यातला एक जण म्हणाला, आपल्याला शिफ्टला पाच मिनिटं उशीर झाला तर पगार कापतात, आणि त्या अंकुशला सगळं माफ. मग आंबिवलीपर्यंत कोणी काही बोललं नाही."

त्या चौघांपैकी बाबांसकट दोघेच आता आहेत. मोहनंही ते राहिलं नाही. रेयॉनचा मोठा कारखाना २००९ पासून बंद आहे. चंदावरकर त्याच वर्षी गेले, नंदू भेंडे २०१४ मध्ये. बर्लिनच्या नाटकाचे नवे प्रयोग दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या उन्हाळी महोत्सवात होत राहतात. कॉस्कीने झिरमिळ्या लावल्या, पुढचा आणखी काही लावेल. आपल्या अंकुश नागपूरकरालाही कोणीतरी नवे कपडे शिवावेत असं मला फार वाटतं. चंदावरकरांच्याच चाली हव्यात असा हट्ट नाही, आज लोकलमध्ये पोरांच्या मोबाइलवर जे वाजतं ते घ्या. रॅप घ्या, डीजेवरचं घ्या. कथेत तर एक अक्षर बदलायला नको, फार तर अंकुशची बँक ॲपवर न्या.

झालंच तर मी बाबांना घेऊन जाईन. तिकीट कितीही असो. फक्त येताना कॅब करायची नाही, कसारा लोकलनेच यायचं, असं ते आत्ताच सांगून बसलेत.